खंडेनवमीला बंद केलेला म्हातारा

रोज सकाळी कारखान्यात आल्यावर फकरुद्दीन आत्तार पिशवी खुंटीला लावायच्या आधी मोजणीच्या खोलीत जायचे आणि कोपऱ्यातल्या जुन्या वर्कस्टेशनच्या पाठीवर तळहात ठेवायचे. लेकराचा ताप बघावा तसा. पाठ कोमट लागली की हात काढायचे. मग पिशवी, मग चहा. नवीन माणसांना वाटायचं, ही त्यांची काहीतरी दुवा मागायची पद्धत असेल. जुनी माणसं त्याकडे बघायचीही नाहीत.

भाजे गावात त्यांचं घर आमच्या घराला लागून. आळीतली सगळी पोरं त्यांना चाचा म्हणत, मीही म्हणायचे. शनिवार-रविवारी लेणी बघायला येणाऱ्यांना बिस्मिल्लाचाची ओसरीवर पिठलं-भाकरी करून घालायच्या, आणि चाचा मळवलीहून लोकल पकडून कामाला जायचे. कारखान्याला रविवारची सुट्टी असली तरी जायचे. “म्हाताऱ्याला बघून येतो,” म्हणायचे. कितीतरी वर्षं मला वाटत होतं की उर्से गावात, जिथं तो कारखाना आहे, त्यांचे कुणी आजारी नातेवाईक आहेत.

म्हातारा म्हणजे ते वर्कस्टेशन. पिवळट पडलेली चपटी पेटी आणि वर काचेचा जड पडदा. कारखाना तसा लहान, टोलनाक्याच्या अलीकडची एक पत्र्याची शेड. पंपांचे ओतीव भाग तिथं तासले जातात, त्यांना भोकं पाडली जातात. प्रत्येक भाग मोजून त्याचा दाखला जोडल्याशिवाय पुढची कंपनी माल घेत नाही. त्यासाठी काळ्या दगडाच्या टेबलाचं एक मोजणी मशीन आहे. त्याच्या हाताच्या टोकाला डाळिंबाच्या दाण्याएवढा लाल मणी आहे. तो मणी भागाला हलकेच टेकतो आणि म्हातारा आकडा सांगतो. आताच्या मालकाच्या, सुहासच्या वडिलांनी हे सगळं परदेशातल्या एका बंद पडलेल्या कारखान्यातून उचलून आणलं होतं. मशीन बसवताना जे दोघंतिघं हाताशी होते, त्यांत तरुण फकरुद्दीन होते. त्याआधी ते घासकामाच्या खात्यात होते. तिथली धूळ त्यांच्या छातीत राहिली, ती राहिलीच.

म्हाताऱ्याची गंमत अशी की त्याच्या पोटात डिस्क नव्हती. चालू झाल्यावर काय करायचं, हे त्याचं त्याला ठाऊक नसायचं. त्याला ठाऊक असायचा फक्त स्वतःचा एक नंबर. वीज मिळाली की तो तारेवरून तो नंबर ओरडायचा आणि विचारायचा, हा मी, माझं नाव काय? शेजारच्या खोलीतला सर्व्हर त्याला नाव सांगायचा, मग चालायला लागणारे सगळे प्रोग्रॅम एकेक करून तारेवरून पाठवायचा. त्या उसन्या सामानावर म्हातारा दिवसभर काम करायचा.

चाचांनी त्याला कधी बंद होऊ दिलं नाही. वीज गेली तर इन्व्हर्टर, इन्व्हर्टर दमला तर जनरेटर. खंडेनवमीला मात्र सगळ्या कारखान्यात यंत्रं बंद असतात. त्या दिवशी हत्याराला राबवायचं नाही, धुवायचं, पुसायचं, हळदकुंकू लावायचं, झेंडूची माळ घालायची. सुदुंबऱ्याचा बजरंग ही पूजा करायचा. दरवर्षी तो मोजणीच्या खोलीत आला की चाचा म्हाताऱ्यापुढे उभे राहायचे. माळ घालू द्यायचे, टेबलाच्या कडेला कुंकू लावू द्यायचे, नारळ तर स्वतःच्या हातानं फोडायचे. पण बटणाकडे कुणाचा हात गेला की म्हणायचे, “ह्याला ऱ्हाऊ दे. म्हाताऱ्याला खंडेनवमी न्हाई. ह्यो आमच्यातला हाय.” सगळे हसायचे. प्रसाद वाटला जायचा. बंद का करायचं नाही, हे कुणी विचारलं नाही. विनोद इतका चांगला होता की कारणाची गरज पडली नाही.

बजरंग म्हणजे मोजणी मशीनवर बसणारा माणूस. चाळिशीचा, अबोल. आधी तो प्रेसवर होता. प्रेसनं त्याच्या उजव्या हाताची दोन बोटं घेतली, त्यानंतर चाचांनी सुहासच्या वडिलांना सांगून त्याला मोजणीत घेतलं. इथं ताकद लागत नाही, हलका हात लागतो. उरलेल्या बोटांनी तो मणी असा टेकवायचा की फुलपाखरू बसावं. पण दुसऱ्या कुठल्या कारखान्याच्या फाटकावर तो हात दाखवून काम मिळालं नसतं. त्याची आई रतनबाई हे उघड बोलायची आणि चाचांच्या नावानं दरवर्षी नव्या इंद्रायणी तांदळाचं पोतं भाज्याला पाठवायची.

दोन वर्षांपूर्वी नवरात्रात चाचांना श्वास घेता येईना. तळेगावच्या एका दवाखान्यात ठेवलं, नाकाला नळी लावली. खंडेनवमी आली तेव्हा ते तिथंच होते.

त्या दिवशी काय झालं ते बजरंगनं नंतर अनेकदा सांगितलं, आणि प्रत्येक वेळी अगदी तसंच सांगितलं. त्यानं म्हाताऱ्याला पुसलं, माळ घातली. खोलीत दुसरं कुणी नव्हतं. चाचांची जागा रिकामी होती. त्याच्या मनात आलं की इतकी वर्षं ह्याला एक दिवसाची विश्रांती नाही, आणि चाचांनाही नाही. ह्याला विसावा दिला तर तो चाचांना लागू होईल. म्हणून त्यानं हात जोडले आणि चाचांच्या नावानं म्हातारा बंद केला. मग शेजारच्या खोलीत जाऊन त्याचा सर्व्हरही बंद केला. एकाला विसावा आणि एकाला काम, हे त्याला बरोबर वाटलं नाही.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी बटणं दाबली. वर्षानुवर्षं फिरत राहिलेली सर्व्हरची डिस्क गार होऊन जाम झाली होती. ती पुन्हा फिरली नाही. आणि म्हाताऱ्याच्या पडद्यावर ओळ आली की माझा नंबर मला माहीत नाही.

सुहास आरडाओरडा करणारा माणूस नाही. त्यानं बजरंगला घरी जायला सांगितलं. दिवाळीनंतर पुढच्या कंपनीची माणसं तपासणीला येणार होती. तोवर मशीन चाललं नाही तर मोजणी बाहेरून करून घेऊ, मग खातंच लागणार नाही, असं तो म्हणाला. चाललं तरी बजरंगला परत घ्यायचं की नाही, हे तो बोलला नाही.

चाचा घरी आले त्या दिवशी बजरंग भाज्याला आला. ओसरीच्या पायरीवर बसला. चाचांच्या खाटेजवळ ऑक्सिजनचं यंत्र घरघरत होतं. मग त्यानं सांगितलं. चाचांनी डोळे मिटून ऐकलं, आणि उघडले तेव्हा ते बजरंगकडे नाही, भिंतीकडे बघत होते.

“तुजं काय चुकलं न्हाई,” ते म्हणाले.

बजरंगला वाटलं, हे मोठ्या मनाचं बोलणं आहे. तो रडला. चाचांनी त्याला रडू दिलं.

दुसऱ्या दिवशी रिक्षात लहान सिलिंडर, नळ्या, पाण्याची बाटली आणि बिस्मिल्लाचाची अशी वरात कारखान्याकडे निघाली. चाची वाटभर बोलत होत्या. माझ्या गुडघ्याच्या वेळी ह्यांना रजा मिळाली नव्हती, म्हणाल्या, आणि आता त्या पिवळ्या पेटीसाठी नाकात नळी घालून चाललेत, लग्न हिच्याशीच केलं असतं तर मला भाकऱ्या तरी थापाव्या लागल्या नसत्या. चाचांना हसू आलं, हसण्यानं खोकला आला, मग चाची गप्प झाल्या.

सुहासनं तळेगावहून निलेश नावाचा एक जण बोलावला होता. कारखान्यांची नेटवर्कं बघणारा, तिशीतला, गोड बोलणारा. त्यानं नवा सर्व्हर आणला होता, डब्याएवढा, आवाज न करणारा. म्हाताऱ्याकडे बघून तो म्हणाला की चाचा, हा वयानं माझ्यापेक्षा मोठा आहे. चाचा म्हणाले, मग पाया पड आणि कामाला लाग.

आधी सामान हवं होतं. चाचांनी जुन्या सर्व्हरची नक्कल फार पूर्वी सीडींवर करून घरी ट्रंकेत ठेवली होती. एक संच मावळातल्या दमट हवेनं खाल्ला होता, चकत्यांवर पांढरी बुरशी. दुसरा प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला होता, तो वाचता आला. त्यातच म्हाताऱ्याचा नंबरही होता. नंबर तोच हवा, कारण मोजणीच्या प्रोग्रॅमचं लायसन्स त्या नंबराला बांधलेलं होतं. दुसरा कुठलाही दिला तर म्हातारा उठला असता, पण मोजायला नकार दिला असता.

चाचा खुर्चीवर बसले आणि नंबर भरायला लागले. हे काम विचित्र असतं. आकड्यांची एकेक जोडी, प्रत्येकीची जागा वेगळी, शेवटी सगळ्यांची एक बेरीज जुळावी लागते. निलेशनं ते कसं करायचं याचं पान मोबाइलवर काढून ठेवलं होतं. चाचांनी पानाकडे पाहिलं नाही. बोटं थांबत नव्हती. पडद्यावरची तक्रार गेली.

“चाचा, तुम्ही हे आधी केलंय,” निलेश म्हणाला.

चाचांनी नळी नाकावर नीट बसवली आणि पाणी मागितलं.

पुढचे काही दिवस म्हातारा नुसता विचारत राहिला. निलेशच्या लॅपटॉपवर ते दिसायचं, थोड्या थोड्या वेळानं तारेवरून येणारी तीच हाक, हा मी, माझं नाव काय. नव्या सर्व्हरला ती भाषा येत नव्हती. आता कुणी अशी हाक मारत नाही. निलेशनं ती समजणारा जुना प्रोग्रॅम शोधून सर्व्हरवर घातला, तरी उत्तर पोचेना. दोष दोघांच्या तारा जोडणाऱ्या मधल्या नव्या स्विचचा होता, म्हाताऱ्याचा संथ वेग त्याला मानवत नव्हता. चाचांना माळ्यावरचा त्याच कामाचा एक जुना हब आठवला. तो पुसून जोडला आणि त्या संध्याकाळी म्हाताऱ्याला पहिल्यांदा नाव मिळालं. त्यानं पहिली फाइल मागितली, ती गेली. मग त्यानं आपलं घर मागितलं, म्हणजे जिथं त्याचे सगळे प्रोग्रॅम असतात तो कप्पा, आणि तिथं नव्या सर्व्हरनं दार लावून घेतलं. इतक्या जुन्या रीतीनं कप्पा उघडून देणं नव्या सर्व्हरांमधून काढूनच टाकलंय, निलेश म्हणाला. चाचांना हे माहीत नव्हतं. ते लहान मुलासारखं ऐकत राहिले. त्यावर निलेशनं उपाय काढला. सर्व्हरच्या पोटात त्यानं एक जुन्या पिढीचा सर्व्हर बसवला, नुसता प्रोग्रॅमचा, आणि म्हाताऱ्याची सगळी उठबस त्याच्याकडे दिली.

हे सगळे दिवस बजरंग फाटकाबाहेर बसून असायचा. आत यायची मनाई होती. चाची जेवणाच्या वेळी भाकरी घेऊन त्याच्याकडे जायच्या.

वसुबारसेच्या दिवशी दुपारी म्हातारा उठला. पडद्यावर ओळी वाहायला लागल्या, थांबल्या, पुन्हा वाहिल्या. मग मोजणीचा प्रोग्रॅम उघडला. नंबर जुळला. सुहासनं एक भाग टेबलावर ठेवला आणि लाल मणी टेकवला, जरा जोरातच. आकडा आला. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. निलेश खाली जमिनीवर बसला.

चाचा म्हणाले, आता बजरंगला आत बोलवा, हलका हात लागतो.

सुहास म्हणाला की बजरंगचं आता राहू दे. मशीन चालू झालं ही तुमची दोघांची कृपा, पण न विचारता कुणी बटणाला हात लावत असेल तर त्याला मी या खोलीत ठेवू शकत नाही. उद्या पुन्हा असंच काही मनात आलं तर? तो शांतपणे बोलत होता आणि त्याचं चुकत नव्हतं.

त्या खोलीत तेव्हा चौघं होते. चाचा, सुहास, निलेश, आणि दाराशी फ्लास्क घेऊन उभ्या असलेल्या चाची. पुढचं मला चाचींनीच सांगितलं.

चाचांनी नळी नाकातून काढून हातात धरली.

“नंबर एका चिपमध्ये असतो,” ते म्हणाले. “तिच्या पोटात बॅटरी असती. ती मेली हाय, लय वर्सं झाली. वीज हाय तवर चिपला याद ऱ्हाती. वीज गेली की संपलं.”

“हे तुम्हाला माहीत होतं?” सुहासनं विचारलं.

“व्हय. एकदा इन्व्हर्टर बसला व्हता तवा कळलं. रविवार व्हता, कुणी नव्हतं. मीच भरला नंबर.”

सुहासनं निलेशकडे पाहिलं. चिपवर नवी बॅटरी लावायला किती वेळ लागतो, त्यानं विचारलं. निलेश चाचांकडे न बघता म्हणाला, अर्धा दिवस.

“मग का नाही लावलीत?”

“लावली असती तर तुमी मला बोलावलं नसतं.”

सुहासचे वडील गेल्यावर कारखान्यातल्या साठीच्या पुढच्या सगळ्यांना घरी पाठवलं होतं. फकरुद्दीन तेवढे राहिले, कारण म्हातारा त्यांच्याशिवाय चालत नाही, असं सगळे म्हणायचे. हे म्हणणं त्यांनी एका मेलेल्या बॅटरीवर, आणि दर खंडेनवमीला त्याच त्या विनोदावर तोलून धरलं होतं.

“बजरंगला ठावं नव्हतं,” ते म्हणाले. “कुनालाच न्हाई. म्या सांगितलं न्हाई. त्याला घ्या आत.”

सुहास बराच वेळ मशीनच्या दगडी टेबलावरची धूळ बोटानं पुसत राहिला. तिथं धूळ नव्हती. मग तो म्हणाला, ठीक आहे, घेतो. आणि मग, तुम्ही आता आराम करा चाचा. बोलणं आदराचं होतं. पण त्यानंतर त्यानं कारखान्यातून कधी फोन केला नाही.

फाटकाबाहेर बजरंगला चाचांनी स्वतःच सगळं सांगितलं. रिक्षात बसायच्या आधी, उभ्या उभ्या. बजरंगनं ऐकलं. इतके दिवस तो रात्री उठून बसत होता, रतनबाईनं देवाला काय काय नवस बोलले होते, आणि तो समजत होता की आपल्या हातून पाप घडलं. त्यानं चाचांना रिक्षात बसायला हात दिला, ती उरलेली बोटं. त्या वर्षी इंद्रायणीचं पोतं आलं नाही. चाची एकदा म्हणाल्या, तांदूळ न्हाई आला यंदा. चाचा म्हणाले, दुकानातनं आण. दुसऱ्या वर्षीही आलं नाही.

नंतरच्या सव्वा वर्षात चाचा खाटेवरच होते. घरातली वीज गेली की ऑक्सिजनचं यंत्र थांबायचं आणि चाची धावत सिलिंडरची नळी जोडायच्या. भाज्यात पावसाळ्यात वीज फार जाते. मी अधूनमधून जाऊन बसायचे. कारखान्याचं ते बोलायचे नाहीत. एकदाच त्यांनी मला विचारलं की तुमच्या कॉलेजात जुनी पुस्तकं फेकून देतात का ठेवतात. मी म्हटलं, ठेवतात. ते म्हणाले, “हां.”

जानेवारीतल्या एका रविवारी दुपारी ते गेले. दफनाला कारखान्यातले तिघंचौघं आले, निलेशही आला. सुहास आला नाही. बजरंग खांदा देऊन मागे राहिला, माती टाकताना पुढं झाला.

त्याच दिवशी सकाळी तो भाज्याला येऊन गेला होता. त्या रिक्षानंतर पहिल्यांदाच. येण्याचं कारण त्यानं सांगितलं नाही, चाचांनी विचारलं नाही. मी तेव्हा ओसरीवर चाचींना भाकऱ्यांचं पीठ मळून देत होते. वर लेण्यांकडे जाणाऱ्या गाड्यांची रांग लागली होती, हॉर्न वाजत होते. बजरंग खाटेजवळच्या स्टुलावर बसला. थोड्या वेळानं त्यानं सांगितलं की चिपला नवी बॅटरी लावली, आता वीज वाचवायला रोज संध्याकाळी म्हाताऱ्याला बंद करतात. सकाळी बटण दाबलं की नव्या सर्व्हरवरून उठतो, चहा होईपर्यंत तयार असतो. कुणीही करतं. परवा शिपायानं केलं.

चाचा ऐकत होते. “कुरकुर न्हाई करत?” त्यांनी विचारलं.

“न्हाई,” बजरंग म्हणाला.

“बरं झालं.”

चाचींनी चहा दिला. बजरंग तो बशीत ओतून प्यायला, कप पालथा न घालता सरळ ठेवला, आणि उठला. लोकलला वेळ होता तरी उठला. दारापर्यंत गेला, मागे वळला. चप्पल घातली.

आतून चाचांनी मान जरा उचलली. नळीमुळे आवाज नाकातून आला.

“रस्त्यानं नको जाऊ, गाड्या लय असत्यात आज. बांधावरनं जा.”